गीझर, आई आणि मी

परवा डिसेंबरचं वीजबिल आलं आणि मी थेट आईवर घसरलो. "तू सकाळभर गीझर चालू ठेवतेस, मग दुसरं काय होणार!" आई काही बोलली नाही. नंतर मलाच चुटपुट लागली. ऑफिसात लॉग न बघता दुसऱ्याच्या कोडला नावं ठेवणाऱ्याला मी काय म्हणतो?

म्हणून रविवारी घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरसमोर उभा राहिलो. पाणी एकदा तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. पुढचे २ तास मीटरचा आकडा जेमतेम हलला! मग शॉवरखाली बादली ठेवली. २० लिटर, ३ मिनिटांत. मी शॉवरखाली ९ मिनिटं असतो, म्हणजे ६० लिटर.

पुण्याच्या थंडीत २० लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं. म्हणजे आईची बादली अर्धं युनिट, माझी आंघोळ जवळपास दीड. महिन्याला ४० च्या वर! त्यात महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर १०० युनिटनंतर दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे हे वरचे युनिट सगळ्यात महाग.

बिल वाढलं की मीटरवर नाहीतर घरच्यांवर संशय घेणं सोपं असतं. आधी मोजा, मग बोला.

असो. सध्या मी बादलीवर आलोय. आईची माफी मागायला गेलो, तर तीच म्हणाली, "बंद करत जाईन रे गीझर."

तेवढं मात्र लागलं.