ज्याचे त्याचे सत्य?

‘सत्य सापेक्ष असते’ हे वाक्य हल्ली फार स्वस्त झाले आहे. आमच्या गावच्या व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी ते तासाभरात पाच-सहा वेळा उच्चारले आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेतल्या. दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्या भागाला ते चटकन पटतेही. आपण विहीर म्हणतो, शेजारचे अण्णा बावी म्हणतात. मग सत्येही दोन असायला काय हरकत? हरकत एवढीच, की पोहता न येणारा विहिरीत पडला काय नि बावीत पडला काय, पाणी तेवढेच खोल असते.

हा वाद नवा नाही. माणूस हेच सर्व गोष्टींचे माप, असे ग्रीसमध्ये प्रोटॅगोरसने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी म्हटले. ज्याला जे वाटते ते त्याच्यापुरते खरे, असा त्याचा अर्थ लावून प्लेटोने ‘थिएटेटस’ या संवादात त्याला पेचात पकडले. ज्यांना हा सिद्धान्तच खोटा वाटतो, त्यांचे वाटणेही मग खरे मानायला हवे! आमच्या वक्त्यांना हेच विचारावे असे मनात होते, पण तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झाले.

वक्त्यांची सारी भिस्त होती जैनांच्या अनेकान्तवादावर, आणि मला राग आला तो इथे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती ज्यांनी पाहिली आहे, ज्यांच्या गल्लीत जैनांची घरे आहेत, त्यांच्यापुढे तरी स्याद्वादाचे असे विडंबन करू नये. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘अमुक एका अपेक्षेने’. शिवाय जैन तार्किक त्याला ‘एव’ जोडतात : या अपेक्षेने घडा आहेच. अपेक्षा एकदा सांगितली की विधान डळमळत नाही. बेळगाव कोल्हापूरच्या दक्षिणेस आहे आणि धारवाडच्या उत्तरेस आहे; ही दोन्ही विधाने कोल्हापूरकराला आणि धारवाडकराला सारखीच मान्य करावी लागतात. आणि जे दर्शन केवलज्ञान मानते, ते सत्याला ज्याचे त्याचे कसे म्हणेल? हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगणारे त्यातला हत्तीच विसरतात.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायांशी कोरलेल्या ओळी पाहा. मूर्ती चावुंडरायाने करविली, हे तिथे कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत लिहिले आहे. भाषा तीन, करविणारा एक. त्यातली मराठी ओळ कट्टर कन्नड अभिमान्यालाही मराठीच वाचावी लागते. तसाच रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातला, इ. स. १२०४ चा बेळगावचा कन्नड शिलालेख आपल्यालाही कन्नडच वाचावा लागतो. हे दुसरे वाक्य आपल्या सभांतून फारसे ऐकू येत नाही, तेही इथे सांगून टाकतो.

सापेक्षतेची ही भाषा उदार वाटते खरी, पण ती परवडते कोणाला? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. गावात कोण किती, मुले कोणत्या भाषेत शिकतात, सातबाऱ्याचा कागद घरातल्या म्हातारीला वाचता येतो की नाही, या मोजून दाखवण्याजोग्या गोष्टी आहेत. ‘तुमचे तुम्हाला खरे, त्यांचे त्यांना खरे’ असे एकदा म्हटले की पुरावा कशाला नि न्यायालय तरी कशाला? मग बळी तो कान पिळी. ज्याच्या हाती कचेरी त्याला तुमच्या तत्त्वज्ञानाची गरज नसते. गरज असते ती ज्याच्या हाती फक्त कागद आहे त्याला.

१९२४ साली बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या गांधीजींना अनेकान्तवाद प्रिय होता. तरीही आत्मकथेला त्यांनी नाव दिले ‘सत्याचे प्रयोग’, आणि लोकांची पुरती तयारी नसताना १९१९ मध्ये कायदेभंग सुरू केला ही आपली हिमालयाएवढी चूक झाली, हे त्याच पुस्तकात लिहून ठेवले. सत्य त्यांच्यापुरते असते तर ही चूक झाली कशी, हे आमच्या वक्त्यांना विचारायचे आहे. यंदा पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि आभारप्रदर्शनाच्या आधीच उठणार आहे.