पोलीसनगरीचा ताळेबंद

लोकांच्या सुरक्षेसाठी उभारायच्या संस्थेविषयी लोकांनाच मत देऊ द्यायचे नाही, ही गोष्ट लोकशाहीच्या कोणत्या व्याख्येत बसते? मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मगाव असलेल्या अमेरिकेतील अटलांटा शहरात ती बसवली गेली. २९ एप्रिल २०२५ रोजी तेथील सार्वजनिक सुरक्षा प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन झाले. विरोधकांनी त्याला 'कॉप सिटी', म्हणजे पोलीसनगरी, असे नाव ठेवले आहे.

आग विझवणाऱ्या जवानांना सरावाला जागा हवी, पोलिसांनाही शिक्षण हवे, जुन्या इमारती मोडकळीला आल्या होत्या; हे सारे मान्य करावयास हवे. वाद त्याविषयी नाहीच. तो आहे जागा, पैसा आणि संमती यांविषयी.

जागा मूळची मस्कोगी आदिवासींची. १८२१ च्या तहाने ती त्यांच्या हातून गेली. विसाव्या शतकात तेथे शहराची तुरुंगशेती होती; राबणारे अर्थातच कैदी. ती बंद पडल्यावर झाडे माजली आणि साउथ रिव्हर नदीच्या खोऱ्यात जंगल उभे राहिले. हा टापू हिरवाच राखावा, ही कल्पना २०१७ मध्ये शहराच्याच आराखड्याने मांडली होती. चारच वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्यातील ८५ एकर महापालिकेने 'अटलांटा पोलीस फाउंडेशन' या खासगी संस्थेला वर्षाला दहा डॉलर भाड्याने देऊन टाकले. जमीन शहराच्या मालकीची, पण शहराच्या हद्दीबाहेर, डीकाल्ब काउंटीत. भोवतालची वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची. या वस्तीला अटलांटाच्या निवडणुकीत मत नाही. गोळीबाराच्या सरावाचा आवाज ज्यांच्या घरात शिरणार, त्यांचा प्रतिनिधीच निर्णय घेणाऱ्या सभागृहात नव्हता. इतकी सोयीची जागा दुसरी कोठे मिळाली असती?

आता पैशाकडे वळावे. २०२१ मध्ये खर्च ९ कोटी डॉलर सांगितला गेला. दोन तृतीयांश देणगीदारांचे, एक तृतीयांश, म्हणजे ३ कोटी, शहराचे. ऐकायला सौदा उत्तम! जून २०२३ मध्ये मात्र महापालिकेने मंजूर केले ते ३ कोटी १० लाख रोख, शिवाय केंद्र वापरण्यापोटी फाउंडेशनला वर्षाला १२ लाख याप्रमाणे तीस वर्षे, म्हणजे आणखी ३ कोटी ६० लाख. बेरीज ६ कोटी ७० लाख. स्वतःची जमीन दहा डॉलरला द्यायची आणि तिच्यावरची इमारत १२ लाखांनी भाड्याने घ्यायची, असा व्यवहार करणाऱ्या शेतकऱ्याला गावातले सावकारसुद्धा हसतील. शहराने प्रशिक्षणाच्या जागांवर आजवर भाडे दिलेच होते, तोच पैसा इकडे वळेल, असा खुलासा झाला. खर्च जुना आहे म्हणून तो लोकांना सांगितलेल्या आकड्यातून वगळायचा, हा कोणत्या जमाखर्चाचा नियम?

आणि देणगी तरी कितपत देणगी? अशा धर्मादाय संस्थांना दिलेल्या रकमेवर अमेरिकेत आयकराची सूट मिळते. तिचा काही भार अखेर सरकारी तिजोरीवरच पडतो. फाउंडेशनच्या संचालक मंडळावर बड्या कंपन्यांची माणसे आहेत. शहराने काय बांधावे हे त्यांनी आपल्या अंशदानाच्या जोरावर ठरवले आणि उरलेले बिल करदात्यांपुढे ठेवले. घरे, दवाखाने, शाळा यांच्यासाठी असा उत्साह क्वचितच दिसतो.

विरोध झाला तो लहानसहान नव्हता. २०२१ च्या ठरावापूर्वी नागरिकांचे म्हणणे सतरा तास ऐकवले गेले. ऐकले गेले असे म्हणवत नाही. १८ जानेवारी २०२३ रोजी जंगलात तळ ठोकलेली २६ वर्षांची एक व्यक्ती राज्य पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाली. शवविच्छेदनात गोळ्यांच्या ५७ जखमा आढळल्या. पहिली गोळी पोलिसांवर झाडली गेली, असे सरकारचे म्हणणे. पण गोळ्या झाडणाऱ्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरेच नव्हते, आणि त्यांच्यावर खटलाही झाला नाही. मार्चमध्ये बांधकामाची यंत्रे जाळण्यात आली, त्याचे समर्थन कोणीही करू नये. परंतु पुढे ६१ जणांना संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली एकाच आरोपपत्रात गोवण्यात आले, आणि कटाचा आरंभ धरला २५ मे २०२० पासून, म्हणजे जॉर्ज फ्लॉइडची पोलिसांनी हत्या केली त्या दिवसापासून! तेव्हा तर या केंद्राचा ठरावही झालेला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी हे कटाचे आरोप रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला, कारण ॲटर्नी जनरलनी गव्हर्नरांची आवश्यक ती परवानगीच घेतली नव्हती.

सनदशीर मार्गाचे काय झाले? सार्वमतासाठी ५८,२३१ सह्या हव्या होत्या. ११ सप्टेंबर २०२३ रोजी १ लाख १६ हजारांहून अधिक सह्या सादर झाल्या. सह्या गोळा करण्यास डीकाल्बच्या रहिवाशांनाही मुभा देऊन मुदत वाढवणाऱ्या निकालाविरुद्ध शहराने स्वतःच अपील केले होते. तेच अपील प्रलंबित असल्याचे कारण सांगून महापालिकेच्या चिटणीसांनी सह्या तपासण्यास नकार दिला. केंद्राचे बांधकाम मात्र त्या अपिलासाठी थांबले नाही. उद्घाटनाच्या दिवसापर्यंत या प्रश्नावर एकही मत टाकले गेलेले नव्हते.