खुली संहिता, बंद दार

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिची संहिता जीपीएल परवान्याने सर्वांस खुली आहे. हा हक्क मोठा खराच. परंतु १९४८च्या कूळकायद्याने जमीन मिळालेल्या कुळालाही बैल-नांगर स्वतःच जमवावे लागले. संहितेत दुरुस्ती करू पाहणाऱ्यास आधी आपल्या संगणकावर तिची चालती प्रत उभारावी लागते. गिटने संहिता उतरवायची, पीएचपी व डेटाबेस बसवायचे, कंपोझरने पूरक संच आणायचे. डॉकरने ही मांडामांड पुष्कळ सोपी केली, पण त्याला भरपूर रॅम व न तुटणारे इंटरनेट हवे. ज्याच्या घरी केवळ मोबाइल आहे, त्याचा हक्क कागदावरच राहतो. महाविद्यालयांनी ही व्यवस्था संगणककक्षात तयार ठेवावी आणि तो कक्ष सायंकाळीही उघडा असावा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी आता लावून धरली पाहिजे.