परसबागेत आधी बी पेरू द्या

शाळेची परसबाग करायची म्हटलं की आपण आधी कुठे जातो? रोपवाटिकेत. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं आणायची, मुलांकडून लावून घ्यायची आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. मीही दोन वर्षं हेच केलं. मग तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, बी कुठंय?"

पेण-रोह्याच्या मुलांना खरं तर दोन्ही रीती घरी दिसतात. पावसाच्या सुरुवातीला भाताची रोपं तयार करून लावणी होते. भात कापला की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल थेट पेरतात. त्याच शेंगांची थंडीत पोपटी लागते! आपल्याच जिल्ह्यात नेरळला शेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर भातही थेट टोकून दाखवला, चिखलणी नाही की लावणी नाही.

मग भाजीचं काय? वांगी-मिरचीचं बी बारीक, सुरुवातीची वाढ हळू. थेट पेरलं तर तण त्याला गाठतं. म्हणून वाफ्यात जपायचं आणि साधारण महिना-सव्वा महिन्याने हलवायचं. वाल, भेंडी, काकडीचं बी मोठं, ते झटकन उगवतं, पण मुळं दुखावलेली त्यांना सोसत नाहीत. मुळा-गाजराचं तर मूळच आपण खातो. ते हलवलं की वाकडं होतं, फाटे फुटतात.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी विकतचं एकही रोप आणू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुळा, मेथी, वाल पेरा. मुळा दीड महिन्यात हाती येतो, तेवढा धीर मुलांना असतो.

यात फजितीही होते. आमचं लाल माठाचं बी मुंग्यांनी नेलं. नेमके त्याच आठवड्यात पाहुणे शाळा बघायला आले आणि रिकामा वाफा पाहून "इथे काहीच नाही का?" म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलं मात्र मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते ते त्यांना दाखवत होती. पुढच्या सोमवारी राख मिसळून पुन्हा पेरलं, उगवलं.

यंदा दोन मुळे आम्ही मुद्दाम उपटून दुसरीकडे लावणार आहोत. त्यांचं काय होईल, यावर वर्गात आत्ताच दोन गट पडलेत.