जेवढं सूत आत, तेवढी लेस बाहेर

फौजी माणसाने लेसवर लिहावं याची काही मित्रांना गंमत वाटेल. "काय रे, रिटायरमेंट जवळ आली का?" असा फोन यायच्या आधीच सांगून टाकतो, अजून नाही. पण हा विषय माझ्या मते पक्का फौजी आहे. वेढा, नाकेबंदी, रसद, मनोबल हे सगळं त्यात आहे. पहिल्या महायुद्धावर आम्ही ढीगभर वाचलं, परीक्षा दिल्या, पण त्यातलं हे पान कुणी उघडून दाखवलं नाही.

आधी ही लेस म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे आजी-मावशा क्रोशाच्या सुईने रुमाल आणि टीव्हीवरची झाकणं विणायच्या, ती ही नव्हे. क्रोशाला एक सुई आणि एक दोरा पुरतो. बॉबिन लेसला घट्ट भरलेली उशी लागते. उशीवर टोचे मारून नक्षी काढलेला जाड कागद, त्या टोच्यांत रोवलेल्या टाचण्या, आणि बोटभर लांबीच्या लाकडी किंवा हाडाच्या दांड्यांवर गुंडाळलेलं सूत. या दांड्या म्हणजेच बॉबिन. त्या जोडीने चालतात. एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चार दोरे हातात. हालचाली फक्त दोन. मधल्या दोन दोऱ्यांपैकी डावा उजव्यावरून न्यायचा, हा ओलांडा. मग प्रत्येक जोडीत उजवा डाव्यावरून, हा पीळ. या दोनच हालचालींचा क्रम बदलत जाळी होते, भरीव कापड होतं, फुलं-पानं होतात. साध्या पट्टीला डझनभर जोड्या पुरतात, व्हॅलेन्सियेन्ससारख्या बारीक लेसच्या रुंद पट्टीला शेकडो बॉबिन लागतात. दिवसभराचं काम बोटांनी मोजावं इतकंच पुढे सरकतं. खडकवासल्याला ड्रिल स्क्वेअरवर घाम गाळलेल्या माणसाला हे लगेच समजतं. हुकूम मोजके, पण एकाचं पाऊल चुकलं की अख्खी रांग बिघडते.

मी हे काम पहिल्यांदा पाहिलं ते तिरुअनंतपुरमच्या पोस्टिंगमध्ये, एका रविवारी नागरकोइलला गेलो तेव्हा. एक वयस्कर बाई अंगणात उशी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि बॉबिनचा टकटक आवाज रस्त्यावर येत होता. दक्षिण त्रावणकोरात ही कला १८२०च्या सुमारास आली. मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी तिथल्या मुलींच्या शाळेत ती शिकवायला सुरुवात केली. त्यांची मुलगी एलायझा कॉल्डवेल हिने ती पुढे तिरुनेलवेलीकडे इडैयनगुडीला नेली. आपण 'परदेशी छंद' म्हणतो तो आपल्या देशात दोनशे वर्षं पोटापाण्याचा धंदा आहे. त्या अंगणातून मी या लेसचा माग काढत गेलो आणि पोहोचलो थेट १९१४च्या बेल्जियममध्ये.

ऑगस्ट १९१४मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि थोड्याच आठवड्यांत जवळजवळ सगळा देश त्यांच्या ताब्यात गेला. बेल्जियम हा कारखानदारीचा देश, त्याचं बरंचसं धान्य बाहेरून यायचं. आत जर्मन फौज, बाहेर ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी. सत्तर लाखांवर माणसं या दोन्हींच्या मध्ये सापडली. तेव्हा लंडनमध्ये राहणारा हर्बर्ट हूवर नावाचा अमेरिकन खाण इंजिनिअर पुढे आला. हाच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ऑक्टोबर १९१४मध्ये त्याने बेल्जियमसाठी मदत आयोग उभा केला आणि दोन्ही बाजूंची परवानगी मिळवून धान्याची जहाजं आत आणली.

त्या काळी बेल्जियममध्ये लेस करणाऱ्या सुमारे ५०,००० बायका होत्या असं सांगितलं जातं. युद्धामुळे त्यांचं बाहेरून येणारं सूतही बंद झालं आणि बाहेरची गिऱ्हाइकंही. आयोगाने ब्रिटिशांशी बोलणी करून सूत आत नेण्याची आणि तयार लेस बाहेर काढण्याची सवलत मिळवली. अट साधी होती. जेवढ्या वजनाचं सूत आत जाईल, तेवढ्याच वजनाची लेस बाहेर आली पाहिजे, म्हणजे मधल्यामध्ये शत्रूच्या हाती काही पडणार नाही. ब्रसेल्समधल्या बायकांची एक समिती नक्षी, सूत, मजुरी यांची व्यवस्था बघायची आणि तयार लेस ब्रिटन, फ्रान्स, अमेरिकेत विकली जायची. फौजेत ज्याने क्वार्टरमास्टरचं काम केलंय, त्याने या हिशेबाला मनातल्या मनात सॅल्यूट करावा.

आणि या बायकांनी काय विणलं? फुलं-पानं तर विणलीच, पण त्यांच्याबरोबर बेल्जियमचा सिंह, नऊ प्रांतांची चिन्हं, दोस्त राष्ट्रांची राजचिन्हं, गावांची नावं आणि युद्धाची सालंही विणली. शत्रूच्या ताब्यातल्या देशात बसून त्या आपल्या देशाचा झेंडा सुतात उतरवत होत्या. ही 'वॉर लेस' आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपलेली आहे. शार्लट केलॉग या अमेरिकन लेखिकेने तिच्यावर १९२०मध्ये 'बॉबिन्स ऑफ बेल्जियम' हे पुस्तक लिहिलं.

याच बेल्जियमच्या चिखलात आपली माणसंही लढत होती. ३१ ऑक्टोबर १९१४ला होलेबेकेला १२९व्या बलुचीचा खुदादाद खान मशीनगनवर शेवटपर्यंत टिकला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला भारतीय शिपाई ठरला. त्याच्या तीनच दिवस आधी, सीमेपलीकडे फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलला बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ४७व्या शिखांबरोबर पायदळासारख्या चालून गेल्या आणि त्यांनी जबर नुकसान सोसलं. ज्या ईप्र शहरासाठी एवढं रक्त सांडलं, ते शहर लेससाठीही नावाजलेलं होतं. मेनिन गेटवर कोरलेली भारतीय नावं बघायला जाणाऱ्या आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही.

काही जण म्हणतील, लोक उपाशी असताना श्रीमंतांच्या कॉलरला लेस पुरवण्यात कसली देशभक्ती? प्रश्न रास्त आहे. शिवाय लेसचा धंदा युद्धाआधीही काही सुखाचा नव्हता. मजुरी तुटपुंजी, डोळ्यांवर ताण, लहानलहान पोरी लेसशाळेत बसवलेल्या. युद्ध संपल्यावर मशीनची लेस आणि बदललेली फॅशन यांच्यापुढे हाताचं काम फार काळ टिकलं नाही. म्हणजे या सगळ्यातून त्या बायकांचं कायमचं भलं झालं असं म्हणता येणार नाही. पण चार वर्षं ताब्यातल्या देशात जगायचं असेल तर धान्याच्या रांगेत उभं राहणं एवढाच दिवस असून भागत नाही. धान्याला जहाज लागतं, सुताला एक पेटी पुरते. त्या पेटीतून घरात कमाई येते, आणि आपण अजून कुणाला तरी लागतो, ही जाणीवही येते. युद्धात माणूस भुकेने खचतो, तसा रिकामपणानेही खचतो.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका लष्करी रुग्णालयात आमच्या पलटणीच्या एका हवालदाराला भेटायला जायचो. सातारा जिल्ह्यातला माणूस, ताबारेषेवर सुरुंगात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. उपचार उत्तम चालले होते, जेवणही वेळेवर मिळायचं. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "साहेब, इथं समदं मिळतंय, फकस्त काम न्हाई." मग कुणाकडून तरी त्याने नायलॉनची दोरी मागून घेतली आणि कॉटच्या दांडीला बांधून गाठी मारत बसला. महिन्याभरात वॉर्डातल्या पाच-सहा जणांच्या कॉटना दोऱ्या लटकत होत्या. त्यातून पिशव्या झाल्या, तोरणं झाली. एक तोरण आमच्या दारावर आहे. त्याने त्याचे पैसे घेतले, आणि घेतले तेच बरं केलं.

ही कल्पना जुनीच आहे. पहिल्या महायुद्धात हातांना जखमा झालेला इंग्लिश नट अर्नेस्ट थेसिजर याने १९१८मध्ये अपंग सैनिकांसाठी भरतकामाचा उद्योग सुरू केला. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या वेदीचं एक वस्त्र जखमी सैनिकांनीच भरलेलं आहे. आपल्याकडे अपंग जवानांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीला आली. तेव्हाच्या लोकांना जे कळत होतं, ते आपण अर्धवट विसरलो आहोत. हस्तकला म्हटली की आपण ती फॅमिली वेलफेअरच्या खोलीत पाठवतो आणि पुरुषांच्या वाट्याला टीव्ही, पत्ते आणि मोबाइल ठेवतो. खरं तर फौजेतल्या प्रत्येक रिक्रूटच्या किटमध्ये सुईदोऱ्याची पिशवी असते. तिला 'हाउसवाइफ' म्हणतात आणि आपण सगळ्यांनी त्यातल्या सुईने बटणं टाकलेली आहेत. तेव्हा कुणाच्या मर्दानगीला धक्का लागला नव्हता.

माझं म्हणणं असं आहे. लष्करी रुग्णालयात लांब मुक्काम करणाऱ्या प्रत्येक जवानाच्या हाताला पहिल्या आठवड्यापासून काम मिळावं. लेस असो, गाठकाम असो, लाकूडकाम असो. ते शिकवायला खरा कारागीर यावा, आणि तयार माल दया म्हणून नव्हे, दर ठरवून विकत घेतला जावा. नागरकोइलच्या बाजूला हे शिकवू शकणारे हात अजून आहेत, तेही कामाच्या शोधात आहेत. निवृत्त मित्रांनाही सांगतो, डझनभर जोड्या आणि एक उशी एवढ्यावर सुरुवात होते. युरोपात आज हजारो लोक हौसेने हे करतात. स्लोव्हेनियाची बॉबिन लेस तर २०१८मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

रेशन पोहोचवणं आपल्या फौजेला उत्तम जमतं. सियाचिनलाही आपण ते पोहोचवतो. आता त्याच्याबरोबर सुताची पेटीही पाठवायला शिकायला हवं.