वृद्धाश्रम, केअर सेंटर की सीनियर लिव्हिंग? आई-बाबांची सोय शोधताना आधी काय ठरवायचं?

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, उद्या घरी न्या. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा बंगळुरूला, मुलगी ठाण्याला, दोघांचीही रजा संपत आलेली. मग फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो, "एखादा चांगला वृद्धाश्रम माहितीये का कुणाला?"

असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर कधी ना कधी आला असेल. गोची इथेच होते. गरज असते दोन-तीन महिन्यांची आणि शोध सुरू होतो कायमच्या जागेचा. त्या घाईत मोठी अनामत रक्कम भरली जाते, कधी राहतं घरही विकलं जातं. आई पुन्हा चालायला लागली तरी परत जायला घर उरत नाही.

हा प्रश्न किती घरांचा आहे?

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले १० कोटींहून जास्त लोक होते. त्यातले १ कोटी ११ लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांचा २०२३ चा अहवाल सांगतो की २०५० पर्यंत देशात ज्येष्ठांची संख्या सुमारे ३४ कोटी ७० लाख होईल. म्हणजे दर पाच जणांत एक ज्येष्ठ.

थोड्या दिवसांची सोय कुठे होते?

पहिला पर्याय घरातच. ब्युरोमार्फत १२ किंवा २४ तासांची मावशी, केअरटेकर किंवा नर्स ठेवायची. दुसरा पर्याय म्हणजे नर्सिंग केअर सेंटर. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत अशी सेंटर्स आहेत. ऑपरेशननंतर फिजिओथेरपी, ड्रेसिंग, औषधं यासाठी तिथे काही आठवडे राहता येतं. मुलं परगावी जाणार असतील तेवढ्या दिवसांपुरतं ठेवून घेणाऱ्याही काही जागा असतात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच मिळतं, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. नंतर केअर सेंटरमध्ये राहण्याचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

आणि कायमची सोय?

इथे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला, सरकारी अनुदानावर किंवा देणग्यांवर चालणारे मोफत अथवा अल्प शुल्काचे वृद्धाश्रम. राज्याची मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ ची, तीही याच गटातली. दुसरा, अनामत आणि महिन्याचे पैसे घेणारे वृद्धाश्रम. तिसरा, सीनियर लिव्हिंग, म्हणजे ज्येष्ठांसाठी बांधलेल्या प्रकल्पात फ्लॅट विकत किंवा भाड्याने घ्यायचा.

पहिल्या दोन प्रकारांत बऱ्याच ठिकाणी एक अट असते. राहणारी व्यक्ती स्वतःचं स्वतः करणारी हवी. अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश झालेले ज्येष्ठ तिथे घेत नाहीत, किंवा नंतर तशी वेळ आली तर नातेवाइकांना घेऊन जायला सांगतात. म्हणजे 'कायमची' सोय नेमकी गरजेच्या वेळी संपू शकते.

सरकार यावर लक्ष ठेवत नाही का?

२००७ चा पालक आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा आहे. दर जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, असं त्याचं कलम १९ म्हणतं. पण शब्दरचना अशी की राज्य सरकार तो उभारू 'शकतं'. सक्ती नाही.

खासगी केअर होमचं काय? डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत आलं. केअर होम आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा हे सगळं त्यात होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला. पण विधेयक मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही बारगळलं.

सीनियर लिव्हिंगबाबत महाराष्ट्रात थोडी प्रगती झाली. २०२४ मध्ये महारेराने अशा प्रकल्पांसाठी नियमावली काढली. व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, अशा गोष्टी त्यात आहेत. पण हे नियम मुख्यतः इमारतीचे आहेत. रात्री दोन वाजता बेल दाबली तर कोण येणार, हे त्यातून कळत नाही.

थोडक्यात, जागा तपासायचं काम सध्या कुटुंबावरच पडतं.

मग तपासायचं काय?

• रात्री ड्युटीवर किती माणसं असतात? त्यात प्रशिक्षित नर्स आहे का?
• इमर्जन्सीत कोणत्या हॉस्पिटलला नेतात? अॅम्ब्युलन्स कुणाची?
• माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेणार का? वाढीव पैसे किती? हे लेखी घ्या.
• जागा सोडली किंवा मृत्यू झाला तर अनामत किती आणि किती दिवसांत परत मिळते?
• डायपर, औषधं, फिजिओथेरपी महिन्याच्या पैशात धरलेली आहेत की वेगळी?

जागा बघायला एकदा वेळ घेऊन जा आणि एकदा न सांगता, जेवणाच्या वेळी जा. तिथे राहणाऱ्यांशी स्टाफ नसताना बोला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी एक-दोन महिने राहून बघा. बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते. तोपर्यंत राहतं घर विकू नका, भाड्यानेही देऊ नका.

घर मुलांच्या नावावर करायचं का?

घाई नको. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ केला नाही, तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण दस्तात अशी अट नसेल तर हे कलम लागू होणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं होतं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असं सांगितलं. तरीही बक्षीसपत्रात ही अट स्पष्ट लिहून घेणं केव्हाही चांगलं.

मुलं बघत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. कायद्यानुसार महिना १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. मूलबाळ नसेल तर ज्यांना मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकांवर ही जबाबदारी येते. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

शेवटी निर्णय कुणाचा?

या सगळ्या चर्चेत एका माणसाला विचारायचंच राहून जातं, ते म्हणजे जिला किंवा ज्याला तिथे राहायचंय. कुणाला रोजची पूजा हवी असते, कुणाला मासे, कुणाला फक्त स्वतःच्या खोलीची कडी. आई-बाबा हिंडते-फिरते असतानाच त्यांना घेऊन दोन-तीन जागा बघून ठेवा, त्यांना काय चालेल आणि काय नाही ते विचारा. डिस्चार्जच्या दिवशी तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.