घनता फळ्यावर की पाण्यात?

वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते, हे सूत्र आपले विद्यार्थी अचूक लिहितात व त्याचे गुणही मिळवतात. त्यांनाच एखादी वस्तू पाण्यात का बुडते असे विचारावे, तर बहुतेकांचे उत्तर येते : ती जड असते म्हणून. सूत्र वहीत राहते आणि जुनी समजूत मनात. माझ्या मते हा दोष विद्यार्थ्यांचा नसून अध्यापनाचा आहे. घनता हा फळ्यावर शिकवण्याचा विषयच नव्हे.

वाळलेला सागाचा ओंडका चार माणसांना उचलत नाही, तरी तो नदीत तरंगत जातो. एवढीशी सुई मात्र तळ गाठते. (ओला साग तरंगत नाही, म्हणून ब्रह्मदेशात झाडाची साल गोलाकार छेदून ते उभ्याउभ्याच वाळवीत आणि मग तोडून नदीत सोडीत.) एक घनसेंटिमीटर पाणी १ ग्रॅम भरते, लोखंड सुमारे ७.९ ग्रॅम, बर्फ ०.९२ ग्रॅम. पारा १३.६ ग्रॅम भरतो, म्हणून त्यावर लोखंडही तरंगते.

भातशेती करणाऱ्या घरांतील मुलांनी तर हे पाहिलेले असते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकतात. मिठाने पाण्याची घनता किंचित वाढते. पोचट दाणे वर येतात, भरीव दाणे तळाशी बसतात. तळचे धुऊन, वाळवून पेरायचे. हा अनुभव वर्गात कोणी विचारीत नाही.

संयुत्त निकायात असिबंधकपुत्त नावाच्या गामणीशी तथागतांचा संवाद आहे. डोहात टाकलेला धोंडा लोकांच्या प्रार्थनेने वर येत नाही. तुपाचा घडा पाण्यात फुटला तर खापऱ्या तळाशी जातात आणि तूप वर येते, कितीही विनवण्या केल्या तरी ते बुडत नाही. विषय कर्माचा आहे, पदार्थविज्ञानाचा नाही, आणि तसा दावा करूही नये. पण दाखला असा घेतला आहे की त्याची खातरजमा कोणीही पाणवठ्यावर करावी.

हे ज्ञान परीक्षेपुरतेही नाही. खेड्यापाड्यांत मुले विहिरीत, तळ्यात बुडतात. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळची. छाती हवेने भरली की बहुधा किंचित कमी, रिती झाली की किंचित जास्त. घाबरलेला माणूस ओरडून छाती रिती करतो आणि हात वर करतो. हात पाण्याबाहेर गेले की शरीराने बाजूला सारलेले पाणी कमी होते, तेवढा आधार सुटतो आणि डोके खाली जाते. अशा वेळी पोहता न येणाऱ्याने उडी घेण्यापेक्षा झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा डबा त्याच्याकडे फेकावा. तो डबा जवळजवळ पाच किलोग्रॅम भार पेलतो. धरून राहिल्यास नाक-तोंड पाण्यावर ठेवण्यास बहुधा तेवढा पुरतो.

प्रत्येक तुकडीला एक टब, एक तराजू, मूठभर मीठ व स्वयंपाकघरातील काही जिन्नस द्यावेत. मुलांनी आपले भाकीत आधी वहीत लिहावे, मगच वस्तू पाण्यात सोडावी. याला दोन तासिका लागतील. अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, ही तक्रार मला ठाऊक आहे. व्याख्या उतरवून घेण्याच्या दोन तासिका त्यासाठी कमी कराव्यात.